गार पडलेलं कोकरू: आधी शेक की आधी साखर?

प्रश्न : आमच्या कळपात सध्या वेतं चालू आहेत. रात्री वाड्यात १४ अंश सेल्सिअस असतं, दुपारी पारा ३७ पर्यंत चढतो. परवा संध्याकाळी एका मेंढीला जुळं झालं. थोरलं लगेच उभं राहिलं आणि मेंढी त्यालाच चाटत बसली. धाकटं अंदाजे तीन किलोचं. पहाटे ते आडवं पडलेलं सापडलं, तोंड गार होतं आणि मान धरत नव्हतं. लगेच २५० वॉटच्या दिव्याखाली ठेवलं. अर्ध्या तासात पाय हलवायला लागलं, वाटलं वाचलं. मग एकदम पाय ताणले, झटके आले आणि गेलं. १४ अंशांत कोकरू गारठतं का? वाडा किती अंशांवर ठेवावा? दुपारी बाकीची कोकरं धापा टाकतात, तेव्हा दिवा काढून टाकावा का? अजून पाच मेंढ्या व्यायच्या आहेत.

उत्तर : तुमच्या पत्रात वाड्याचं तापमान दोनदा आलंय, कोकराचं एकदाही नाही. घोळ तिथेच झाला. भिंतीवरचा थर्मामीटर असू द्या, पण काय करायचं ते ठरवायचं कोकराच्या गुदद्वारात लावलेल्या थर्मामीटरवरून आणि त्याचं वय किती तास आहे त्यावरून. हे दोन आकडे हातात असते, तर दिवा लावण्याआधी तुम्ही दुसरंच काहीतरी केलं असतं.

आधी पहिला प्रश्न. हो, १४ अंशांत कोकरू गारठतं आणि मरतंही. पोटात असताना त्याचं तापमान मेंढीपेक्षा साधारण अर्धा अंश जास्तच असतं, म्हणजे चाळिशीच्या आसपास. तिथून ते क्षणात पंचवीस अंशांनी गार हवेत येतं, आणि तेही चिंब ओलं. खरा मारेकरी हा ओलावा. अंगावरचं एक ग्रॅम पाणी वाळायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. चार किलोच्या कोकराच्या लोकरीत १०० ग्रॅम गर्भजल राहिलं आणि ते सगळं अंगाच्या उष्णतेवरच वाळलं, तर २४० किलोज्यूल गेले. कोकराने स्वतः काहीच उष्णता तयार केली नाही असं धरलं, तर एवढ्यात त्याचं अंग सतरा अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात काही पाणी गळून जातं, काही मेंढी चाटून घेते आणि कोकरू भराभर उष्णता तयार करत असतं, म्हणून धडधाकट कोकरू पहिल्या अर्ध्या तासात एक-दोन अंशच उतरतं आणि पुढच्या काही तासांत सावरतं. पण मेंढीने चाटलंच नाही तर ही सगळी वजाबाकी एकट्या कोकराच्या खात्यावर पडते. तुमच्या धाकट्याचं तेच झालं.

कोरड्या नवजात कोकरालासुद्धा सुमारे ३० अंशांच्या खाली अंग गरम ठेवायला जादा उष्णता तयार करावी लागते. ओल्याला त्याहून वरच्या तापमानातही लागते. म्हणजे आपल्याला अगदी सुखद वाटणारी रात्र ओल्या कोकरासाठी कडाक्याची असते. त्यात वारा असेल तर आणखी वाईट. लोकरीत अडकलेला हवेचा थर हेच त्याचं पांघरूण, आणि ओल्या लोकरीत तो थर मुळात नसतोच. लहान कोकराची अडचण वेगळी. दोन किलोच्या कोकराला किलोमागे जेवढी कातडी हवेत उघडी असते, ती चार किलोच्या कोकरापेक्षा साधारण पाव पटीने जास्त असते. जुळी-तिळी आधी का गार पडतात, ते यात आलं.

आता कोकराकडे भांडवल काय असतं ते पाहू. एक म्हणजे हुडहुडी, स्नायूंची थरथर. दुसरं म्हणजे तपकिरी चरबी. ती प्रामुख्याने मूत्रपिंडांभोवती असते, वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण तिचं काम साठवण्याचं नसून जाळण्याचं असतं. थरथर न करता ती थेट उष्णता देते. अगदी गारठ्यात कोकराच्या एकूण उष्णतेतला जवळजवळ निम्मा वाटा तिचा असू शकतो. हा साठा काही तासांचाच. कडक थंडी-वाऱ्यात पाच-सहा तासांत तो संपत येतो. तोपर्यंत पोटात चीक गेला पाहिजे, कारण नंतरचं सगळं इंधन चिकातूनच येतं. अडून जन्मलेल्या, ओढून काढाव्या लागलेल्या कोकराला प्राणवायू कमी पडलेला असतो आणि त्याची ही उष्णतेची भट्टी नीट पेटतच नाही. अंगावर पिवळसर डाग असलेलं, म्हणजे पोटातच शी केलेलं कोकरू दिसलं तर ते गार पडणार असं धरूनच चाला.

म्हणून कोकरं गार पडण्याच्या दोन वेळा असतात आणि दोन्हींची कारणं वेगळी. जन्मापासून पाच तासांच्या आत गार पडलेलं कोकरू ओलाव्याने आणि वाऱ्याने गारठलेलं असतं, त्याच्या अंगात साखर अजून असते. पाच-सहा तासांनंतर गार पडलेलं बहुतेक वेळा उपाशी असतं: चरबी संपली, रक्तातली साखर तळाला गेली, भट्टी विझली. बाहेरून दोघं सारखीच दिसतात. तोंडात बोट घातलं तर गार, पाठ वाकलेली, कान खाली, नंतर आडवं.

तुमचं कोकरू दुसऱ्या प्रकारचं होतं. संध्याकाळी जन्मलं, पहाटे सापडलं, मध्ये नऊ-दहा तास गेले. मेंदू साखरेवर चालतो. अंग गार असताना मेंदूची मागणीही मंदावलेली असते, म्हणून तुटपुंज्या साखरेवर कोकरू तग धरून असतं. तुम्ही शेक दिला, अंग तापलं, मेंदूची मागणी वाढली आणि रक्तात द्यायला काही नव्हतं. पाय हलायला लागले तेव्हा ते सुधारतंय असं वाटणं साहजिक आहे, पण झटके त्यातूनच आले. मोठ्या वयाच्या, खूप गार पडलेल्या कोकराला आधी साखर, मग शेक. हा क्रम उलटला की तुम्ही पाहिलंत तेच होतं.

पुढच्या वेळी असं करा. कोरडा डिजिटल थर्मामीटर, टोकाला थोडं व्हॅसलीन, गुदद्वारात दोन-तीन सेंटिमीटर आत आणि टोक जरा तिरकं करून आतल्या भिंतीला टेकलेलं. लेंडीत रुतलं तर आकडा चुकतो. ३९ ते ४० म्हणजे ठीक. ३७ ते ३९ म्हणजे गारठायला लागलंय: वय कितीही असो, आधी कोरडं करा, आडोशाला घ्या, चीक पाजा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. साध्या थर्मामीटरमधला पारा ताप मोजण्यासाठी असतो, ३५ च्या खाली तो काही सांगत नाही, आणि काही स्वस्त डिजिटल थर्मामीटर ३२ च्या खाली नुसतं ‘लो’ दाखवतात. तेवढं कळलं तरी निर्णयाला पुरे.

३७ च्या खाली असेल तर वय विचारा. पाच तासांच्या आतलं असेल तर खरखरीत टॉवेलने चोळून पूर्ण कोरडं करा, पोटाखाली आणि मांड्यांच्या आत विसरू नका, शेक देऊन ३७ च्या वर आणा आणि मगच चीक पाजा. पाच तासांहून मोठं असेल आणि मान धरत असेल तर आधी नळीने चीक, नंतर शेक. पाच तासांहून मोठं आणि मान धरत नसेल तर तोंडातून काहीही नाही. गिळण्याची जाणीव गेलेली असते, चीक फुफ्फुसात उतरतो आणि कोकरू बुडून मरतं. अशा कोकराला पोटाच्या पोकळीत २० टक्के ग्लुकोजचं इंजेक्शन लागतं, किलोमागे १० मिली. तीन किलोला ३० मिली.

हे द्रावण बनवायला कठीण नाही. ५० टक्क्यांचं डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) असेल तर १२ मिली त्यातलं आणि १८ मिली उकळून कोमट केलेलं पाणी. ४० टक्क्यांचं असेल तर निम्मं-निम्मं. द्रावण अंगाच्या उष्णतेइतकं, ३९ अंशांच्या आसपास हवं. गार द्रावण म्हणजे गारठलेल्या पोटात आणखी गार पाणी ओतणं. सिरिंज आणि सुई नव्या, निर्जंतुक. कोकराला पुढच्या पायांनी उचलून लटकतं धरतात, बेंबीच्या जरा खाली आणि किंचित बाजूला, सुई शेपटीच्या रोखाने तिरकी ठेवून सावकाश सोडतात. हे लिहून शिकवण्यासारखं नाही. वेतं सुरू होण्याआधी पशुवैद्याला बोलावून एकदा हातात सुई धरून शिकून घ्या, आणि तोवर अशा कोकरासाठी त्यांनाच फोन करा. एकदा हात बसला की हे मिनिटा-दोन मिनिटांचं काम आहे. ओलं कोकरू इंजेक्शनच्या आधी पुसून घ्या, नाहीतर ओल्या लोकरीतली घाण सुईबरोबर आत जाते.

शेक म्हणजे दिवाच असं नाही. दिव्याने वरची बाजू भाजते आणि जमिनीकडची बाजू गारच राहते. मरगळलेलं कोकरू सरकूही शकत नाही, त्यामुळे कान आणि पाठ पोळलेली कोकरं दिसतात. गरम हवेची पेटी बरी. जाळीचा तळ थोडा उचललेला, खालून पंख्याच्या हीटरची हवा, वरचं झाकण थोडं उघडं, आत कोकराच्या उंचीवर टांगलेला थर्मामीटर. हवा ४० अंशांच्या आसपास ठेवा, ४५ ओलांडू देऊ नका. दर अर्ध्या तासाला कोकराचं तापमान घ्या आणि ३७ च्या वर गेलं की बाहेर काढा. पेटीत विसरलेलं कोकरू उष्णतेने मरतं आणि थंडीने गेलं असं समजून पुरलं जातं. गरम पाण्याच्या बाटल्या वापरत असाल तर फडक्यात गुंडाळा आणि सारख्या बदलत राहा, कारण थंड झालेली बाटली कोकराचीच उष्णता ओढते. टबात गरम पाण्यात बुडवणं लवकर काम करतं खरं, पण अंगाचा वास धुऊन जातो, मेंढी नाकारते आणि नीट वाळवलं नाही तर पुन्हा तीच ओलाव्याची वजाबाकी सुरू होते. दुसरा काहीच उपाय नसेल तरच.

नळीने पाजण्याचं तेवढं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त कोकरं यानेच वाचतात. नळी मऊ, टोक गुळगुळीत. नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजून नळीवर खूण करा. कोकरू मांडीवर बसतं धरा, मान नैसर्गिक ठेवा, मागे ताणू नका. नळीचं टोक चिकात बुडवून तोंडाच्या कोपऱ्यातून जिभेवरून सावकाश सरकवा. कोकरू चघळतं, गिळतं, नळी आपोआप खूणेपर्यंत जाते. खोकलं, धडपडलं किंवा खूणेच्या बऱ्याच आधी अडलं तर बाहेर काढून पुन्हा घाला. मग ६० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी जोडा, चीक ओता आणि उंच धरा. दट्ट्याने दाबू नका, चीक स्वतःच्या वजनाने उतरू द्या. संपल्यावर नळी चिमटीत दाबूनच बाहेर काढा, म्हणजे शेवटचे थेंब घशात पडत नाहीत. एका वेळी किलोमागे ५० मिली, दिवसभरात किलोमागे २०० मिली. तीन किलोच्या कोकराला १५० मिली, चार वेळा. पहिला पाज जन्मापासून दोन तासांच्या आत गेला तर उत्तम. चिकातल्या रोगप्रतिकारक द्रव्यांसाठी आतड्याचं दार सहा तासांनंतर झपाट्याने मिटत जातं आणि दिवसभरात बंद होतं.

जास्तीचा चीक पिळून छोट्या पिशव्यांत गोठवून ठेवा. वितळवताना भांडं ५० अंशांच्या पाण्यात ठेवायचं, चुलीवर नाही. उकळला की प्रतिकारक द्रव्यं गेली आणि चीकही दह्यासारखा घट्ट झाला.

वाडा किती अंशांवर ठेवावा, याला मी आकडा देणार नाही. ५ अंशांत कोरडं, पोट भरलेलं, वाऱ्याआड असलेलं कोकरू मजेत झोपतं आणि १५ अंशांत ओलं, उपाशी, झोतात पडलेलं मरतं. वाडा तापवायच्या नादात दारं-खिडक्या बंद करू नका. मुताचा उग्र वास कोंडतो, दमट हवेत लोकर वाळत नाही आणि न्यूमोनिया सुरू होतो. हवा वरून खेळू द्या. कोकराच्या उंचीला, जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत फळ्या किंवा ताडपत्री लावून झोत अडवा. खाली कोरड्या पेंढ्याचा जाड थर द्या, गुडघा टेकून बघा, गुडघा ओला झाला तर वर नवा थर. नुसत्या फरशीवर पडलेलं कोकरू खालच्या बाजूने उष्णता गमावत राहतं, मग वर कितीही दिवे लावा. व्यालेली मेंढी आणि तिची कोकरं पहिला दिवसभर दीड मीटर बाय दीड मीटरच्या कप्प्यात एकत्र ठेवा. जुळ्यांतलं दुसरं दुर्लक्षित राहतं ते मोकळ्या वाड्यात, कप्प्यात मेंढीला दोघं समोरच दिसतात.

दुपारच्या धापांकडे वळू. हवा ३७ अंश म्हणजे कोकराच्या अंगापेक्षा जेमतेम दोन-तीन अंश कमी, त्यामुळे हवेत उष्णता सोडायला वावच राहत नाही. उरते ती धाप, म्हणजे श्वासातून पाणी वाळवून अंग गार करणं. नवजात कोकराला हे जमतं, पण त्याच्याकडे पाण्याचा साठा नसतो. पाणी म्हणजे मेंढीचं दूधच, आणि मेंढी उन्हाने बेजार असेल तर दूध कमी होतं. म्हणून उन्हात मरणारी कोकरं अनेकदा तहानेने मरतात. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेले असतील, तर नळीने दूध द्या आणि मेंढीचं पाणी तपासा. तिला दिवसभर सावलीत, भरपूर, ताजं पाणी हवं.

दिवा अर्थातच काढा. खरं तर कोकरू वाळून, पोटभर पिऊन उभं राहिलं की रात्रीही दिव्याची गरज संपते. लावलाच तर साखळीने जमिनीपासून मीटर-सव्वा मीटर उंच, आणि एका कोपऱ्यात, म्हणजे कोकराला नको असेल तेव्हा सरकता येईल. सुतळीने बांधलेला दिवा पेंढ्यात पडला की वाडाच जातो. थंडीसाठी कोकरांना कोट घातले असतील तर सकाळी ऊन चढायच्या आत काढा. पत्र्याचं छप्पर असेल तर दुपारी वरून येणारी धग हवेइतकीच त्रास देते. पत्र्यावर गवताचा थर टाका किंवा खाली कापडाची दुसरी छत बांधा आणि बाजू उघडा.

सावलीत, वाऱ्याला शांत पडलेल्या कोकराचं तापमान ४०.५ च्या वर गेलं तर पाय, मांड्यांच्या आतली बाजू आणि पोट साध्या पाण्याने पुसा. बर्फाचं पाणी नको, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. तासाभराने खाली आलं नाही तर तो उन्हाचा ताप नाही. बेंबी सुजली आहे का, सांधे गरम आहेत का, श्वास घरघरतोय का ते पाहून पशुवैद्याला बोलवा. एक सावधगिरी: दुपारी पुसलेलं कोकरू सूर्य मावळायच्या आत खडखडीत कोरडं झालेलं असायला हवं. ३७ वरून १४ अंशांवर उतरणारी तुमची रात्र ओल्या अंगाला झेपत नाही.

उरल्या पाच मेंढ्यांपैकी कुठली कधी व्याणार त्याचा अंदाज असेल तर आतापासूनच खाण्याकडे पाहा. पिल्लाची जवळजवळ ७० टक्के वाढ गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या काळात मेंढी अर्धपोटी राहिली तर कोकरू लहान, तपकिरी चरबी कमी आणि चीकही थोडा. गाभण मेंढी लांबच्या लांब उन्हात तळत राहिली तरीही कोकरांचं वजन घटतं, म्हणून दुपारची चराई तिच्यासाठी बंद करा. व्यायच्या आठवडाभर आधी कासेभोवतीची आणि मांड्यांच्या आतली लोकर कातरून घ्या. व्याल्यावर दोन्ही सड एकदा पिळून मेणासारखी गुठळी बाहेर काढा. अंधारात लोकरीचं झुपकं चोखत बसलेलं कोकरू दुरून अगदी पीत असल्यासारखं दिसतं. खात्री हवी असेल तर पोट चाचपा: प्यालेल्याचं गोल आणि भरीव लागतं, उपाशी कोकराच्या बरगड्यांमागे खळगा असतो.